फिल्मवरची चांदीची रेघ नेमकी कुठं तुटते?

प्रश्न : पॉलीकार्बोनेट फिल्मवर चांदीच्या शाईनं टच-स्विचचं सर्किट छापतो, फिल्म गरम करून आकार देतो आणि तिच्या मागून पीसीचं (म्हणजे पॉलीकार्बोनेटचंच) इंजेक्शन मोल्डिंग करतो, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरतो. छपाईनंतर मीटरचा बझर (रेघ सलग असली की वाजणारा) सगळीकडे वाजतो. तयार पार्टमध्ये मात्र काही रेघा तुटलेल्या असतात, गेटजवळची, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरतं त्या तोंडाजवळची, छपाई तर पुसल्यासारखी दिसते. शाई बदलावी का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. शाईचा संबंध आला तर मुख्यतः पहिल्याशी.

रेघा बहुधा मोल्डमध्ये नव्हे, त्याआधी फॉर्मिंगमध्येच (फिल्म गरम करून आकार देताना) तुटतात. शाईतले चांदीचे कण एकमेकांना टेकलेले असतात म्हणून वीज वाहते. फिल्म ताणली की ते दुरावतात. साध्या मेम्ब्रेन स्विचची (सपाट फिल्मवर छापलेल्या दाबायच्या बटणांची) शाई हा ताण सोसत नाही. तशी शाई वापरत असाल तर फॉर्मिंगसाठी बनवलेली घ्या, पण आधी ताण मोजा. कोऱ्या फिल्मवर ५ मिमीचे चौकोन छापून ती फॉर्म करा. कोपऱ्यावर ५ चे ६.५ झाले तर ताण ३० टक्के. रेघ तिथून हलवा. जमत नसेल तर तेवढ्या भागात रुंद करा आणि मोल्डच्या कोपऱ्याची त्रिज्या वाढवा.

बझरवर विसंबू नका. काही ओहम वाढले तरी तो वाजतोच. रोधाचा आकडा लिहून ठेवा. शाईचा रोध प्रति चौरस ५० मिलीओहम असेल, तर १ मिमी रुंद, १०० मिमी लांब रेघेत रेघेच्या रुंदीएवढ्या बाजूचे १०० चौरस बसतात, म्हणजे ५ ओहम. मीटरच्या वायरींचा रोध वजा करून छपाई, फॉर्मिंग आणि मोल्डिंग या तिन्हींनंतर तीच रेघ मोजा. आकडा कुठं उडी मारतो ते लगेच कळेल.

गेटजवळची छपाई धुऊन जाते त्याचं कारण उष्णता आणि घासणी. पीसी सुमारे १४७ अंशांना मऊ पडतं आणि गेटमधून येणारा वितळलेल्या प्लास्टिकचा रस २८०–३०० अंशांचा असतो. गेट छपाईपासून दूर न्या, शक्यतो पार्टबाहेरच्या टॅबवर (नंतर कापून टाकायच्या पट्टीवर) फॅन गेट, म्हणजे पंख्यासारखं पसरट तोंड, द्या. इंजेक्शनची सुरुवातीची गती कमी करा. चालत असेल तर पीसी-एबीएस (पीसी आणि एबीएस या प्लास्टिकांचं मिश्रण) वापरा, त्याचा रस कमी तापमानाला वाहतो. रेघांवर डायलेक्ट्रिकचा (वीज न वाहणाऱ्या शाईचा) थर हवाच. प्रत्येक थर पूर्ण वाळवा; आत सॉल्व्हंट राहिलं तर शाई घसरते, फोडही येतात.

पीसीचे दाणे १२० अंशांवर ३–४ तास वाळवता ना? फिल्मही ओलावा धरते, तीही फॉर्मिंगआधी वाळवून घ्या.