घाटात काटा चढला म्हणून लगेच वॉटर पंप बदलू नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की चाळीसगावात फिरताना टेम्परेचरचा काटा निम्म्यावर असतो, पण कन्नड घाट चढताना अर्ध्या वाटेतच लाल रेषेला भिडतो. गळती कुठे दिसत नाही, पाणी कमी झालं की तुम्ही बोअरचं टाकता, आणि मिस्त्री म्हणतो वॉटर पंप गेला. पंप खोलण्याआधी एवढं बघा: धुळे-जळगाव हायवेला एसी लावून सलग 80-90 ने गाडी चालवली तर काटा हलतो का?

घाटात दोन गोष्टी एकदम होतात. इंजिनावर लोड पूर्ण असतो, आणि पुढे रांग लागली की गाडी दुसऱ्या गिअरवर रखडते, रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. हायवेला काटा जागेवर राहिला तर पाणी नीट फिरतंय. मग फॅन बघा. एसी लावला की फॅन फिरलाच पाहिजे. नसेल फिरत तर फ्यूज, रिले, मोटर. फिरत असेल तर रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमधली फट बॅटरी मारून बघा. आपल्या भागात कापसाचं तूस, धूळ आणि किडे यांचा तिथे जाड थर बसतो आणि बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या प्रेशरने धुवा. जोराच्या पाण्याने फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, वाकतात.

हायवेलाही काटा चढला तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. त्यालाही पंप हे एकच कारण नसतं. गाडी गरम झाल्यावर रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) चटका देतो आणि खालचा थंडच, असं असेल तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह) अडकलेला, रेडिएटर चोक किंवा पंप पाणी ढकलत नाही, तिन्ही शक्य आहे. थर्मोस्टॅट काढून थर्मामीटरसह पातेल्यात पाणी तापवून बघा. त्यावर आकडा कोरलेला असतो, बहुधा 82 किंवा 88. त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. खराब निघाला तर नवीन बसवा. थर्मोस्टॅट काढून गाडी तशीच चालवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल जास्त जातं.

पंपाची स्वतःची लक्षणं वेगळी. पुलीमागच्या बारीक छिद्राखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवट डाग, बेअरिंगचा घरघर आवाज, इंजिन बंद करून पुली हलवल्यावर प्ले, म्हणजे ढिलेपणा. यातलं काहीच नसतानाही आतला पंखा गंजून झिजलेला असू शकतो, पण त्या निष्कर्षावर थर्मोस्टॅट आणि रेडिएटर तपासल्यावरच यायचं.

तुम्ही बोअरचं पाणी टाकता म्हणून माझा पहिला संशय रेडिएटरवर आहे. आपल्याकडचं पाणी जड, नळ्यांत क्षार धरतात. डिसेंबरात ते लपतं, मेमध्ये उघडं पडतं. कूलंट 90 अंशांवर असेल आणि बाहेर 25 असेल तर फरक 65 चा. भुसावळ-जळगावच्या 45 मध्ये तो 45 च उरतो. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास तीस टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो.

एक तपासणी चुकवू नका, कारण तुमचं पाणी कमी होतंय आणि गळती दिसत नाही. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरची कॅप काढून गाडी चालू करा. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा कॅप लावून थंड स्टार्टनंतर मिनिटाभरात होज दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) बघावं लागेल, आणि तोवर गाडी घाटात घालू नका. गरम असताना कॅपला हात लावू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

वाटेत काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, आणि जागा दिसेल तिथे बाजूला घ्या. हीटरमधून तेव्हा थंड हवा आली तर पाणी संपलंय किंवा फिरत नाहीये. लगेच इंजिन बंद करा.

पंपच निघाला आणि तुमच्या इंजिनात तो टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर बेल्ट आणि टेन्शनरही त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते. भरताना कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घ्या, आणि एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, पूर्ण काढायला सांगा. हायवेला काटा काय म्हणतो आणि दोन्ही होज कसे लागतात ते लिहा, मग पुढचं सांगतो.