पेल्विक कंजेशनसाठी एम्बोलायझेशन (शीर आतून बंद करणं) करावं की गर्भपिशवी काढावी? कामावर किती दिवसांत जाता येतं?

तुम्हाला पेल्विक कंजेशनसाठी, म्हणजे ओटीपोटातल्या शिरा फुगून रक्त साचतं त्या दुखण्यासाठी, पिशवी काढायचा सल्ला मिळालाय असं वाचलं म्हणून लिहायला बसले. एरवी या विषयावर मी चार लोकांत तोंड उघडत नाही.

मी सोलापूरची. शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला आहे. शाळा उघडायच्या आधीचे दोन-तीन महिने दहा-दहा तास टेबलाशी उभं राहायचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर दुपार कलली की ओटीपोट असं जड व्हायचं, जणू आत ओल्या कापडाचा तागा ठेवलाय. आडवी झाले की उतरायचं. पाळी जवळ आली की जास्त. संबंधानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत ठणका, आणि हे सांगायचं कोणाला? दोन वर्षांत तीन सोनोग्राफ्या झाल्या, तिन्ही नॉर्मल. झोपवून केल्या की ओटीपोटातल्या या फुगलेल्या शिरा बऱ्याचदा सापडतच नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

इथल्या एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं, दोन मुलं झालीत, पिशवी काढून मोकळ्या व्हा. जाऊबाईंनी ते उचलून धरलं. त्यांची पस्तिशीत काढलेली, त्यामुळे कंबरदुखीपासून डोकेदुखीपर्यंत त्यांच्याकडे एकच औषध.

मी वाचले ती मांडीच्या शिरांमुळे. मांडीच्या आतल्या बाजूला, पार वरपर्यंत हिरव्या शिरा फुगल्या होत्या, त्या दाखवायला गेले. तिथल्या डॉक्टरांनी शिरा बघायच्या आधी विचारलं, "संध्याकाळी ओटीपोट जड होतं का?" मला रडूच आलं. मग उभं करून डॉपलर केलं, म्हणजे रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. "जोर करा" म्हणाले, आणि पडद्यावरचा निळा रंग एकदम लाल झाला. रक्त उलटं खाली येत होतं. डाव्या अंडाशयाची शीर ९ मिलिमीटर.

या शिरेतल्या झडपा बिघडतात आणि रक्त खाली साचतं. डावी शीर थेट मूत्रपिंडाच्या शिरेला जाऊन मिळते, म्हणून डाव्या बाजूला जास्त. पुरुषांच्याही डाव्या शिरेची वाट तीच, त्यांच्यात याला व्हेरिकोसील म्हणतात. आता ऐका. आमच्या मोठ्या भाऊजींना हेच झालं होतं. शिरेचंच ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांत गडी दुकानावर. मी जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊजींचं काही काढून टाका असं कोणी म्हणालं होतं का?" आत्याबाईंनी भाकरी तशीच खाली ठेवली. जाऊबाई चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचा अजून पश्चात्ताप नाही.

"पुण्याला नेऊन प्रयोग करतील तुझ्यावर," हेही ऐकून घेतलं. कसला प्रयोग? या दुखण्यासाठी शीर बंद करायची पद्धत १९९३ सालीच छापून आलीय. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. मानेत भुलीचं एक इंजेक्शन, मी पूर्ण जागी. मानेतल्या शिरेतून बारीक नळी खाली उतरवली. शिरा पडद्यावर दिसाव्यात म्हणून डाय, म्हणजे रंगाचं औषध, सोडली की पोटात गरम पाणी सांडल्यासारखं होतं. मग शीर बंद करणारं फेसाचं औषध, आणि शिरेत कॉइल, म्हणजे धातूची बारीक गुंडाळी. पडद्यावर बघितलं तर शिलाई मशीनच्या टेन्शनच्या स्प्रिंगसारखी, तेवढीच. सगळं दीड तासात. रात्र तिथेच काढली, सकाळी चहा पिऊन निघालो.

तुमचा कामाचा प्रश्न. मी आठव्या दिवशी टेबलाशी उभी होते, पण तागे उचलायला महिनाभर पोरं होती. पहिले चार-पाच दिवस पाळीसारखं दुखतं, गोळी लागते. फरक लगेच कळत नाही. मला तिसऱ्या महिन्यात कळला. खर्च कॉइल किती लागतात त्यावर. मेडिक्लेम असेल तर आधी लेखी मंजुरी घ्या, तोंडी हो वर जाऊ नका.

आता जाऊबाईंची बाजू. प्रत्येक ओटीपोटदुखी शिरांची नसते. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) असेल, कॅन्सरची शंका असेल, तर पिशवी काढणं बरोबरही असू शकतं. पिशवीतल्या गाठींसाठी करतात ते एम्बोलायझेशन वेगळं, ते धमनीतून. काही जणींना फरक पडत नाही, काहींचं परत सुरू होतं, क्वचित कॉइल सरकते. मूल हवं असेल तर आधीच सांगा. मूत्रपिंडाची किंवा मांडीकडून येणारी मोठी शीर कुठे दबलीय का, तेही बघून घ्या, नाहीतर वरची कॉइल फुकट. मलाही सीझनमध्ये अजून थोडं जडावतं. पण शिरा न बघता पिशवीला हात लावू देऊ नका, ह्यात माझ्याकडून सूट नाही.

आणि सीटी केला तर रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या. मला "नंतर या" म्हणाले, ती सीडी कधी मिळालीच नाही आणि पुण्यात तोच सीटी पुन्हा पैसे भरून केला.