कुंपणावर आपोआप उगवलेली ही वेल कृष्णकमळाची आहे का? पानं तीन टोकांची, लवदार आहेत आणि चुरगळल्यावर उग्र वास येतो. काटेरी सुरवंट ती खातायत, वेल उपटून टाकू का?

उपटू नका, आणि फवारणी तर मुळीच करू नका.

फूल नसताना वेल ओळखायची तर तणावा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, बघा. कृष्णकमळाचा तणावा पानाच्या बेचक्यातून निघतो आणि त्याला फाटे फुटत नाहीत. तोंडली-कारल्याच्या वेलींचा पेराच्या बाजूला येतो. तुमच्या वेलीची पानं तीन टोकांची, लवदार आहेत आणि चुरगळल्यावर उग्र वास येतो म्हणता, म्हणजे हे रानटी कृष्णकमळ, पॅसिफ्लोरा फीटिडा असणार. कळीभोवती चिकट, शेवाळासारखी जाळी दिसली की खात्रीच. बारीक किडे तिला चिकटून मरतात. फूल पांढरट किंवा फिकट जांभळं, आत तंतूंचं कडं.

लालसर-तपकिरी, घोळक्याने खाणारे सुरवंट बहुधा टॉनी कॉस्टर या फुलपाखराचे. काटे भीतीदायक दिसतात, पण अपाय करत नाहीत. या वेलीत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, म्हणून बहुतेक किडे तिच्या वाटेला जात नाहीत. या सुरवंटांचं मात्र तिच्यावर पोषण होतं. पुढे होणारं नारिंगी फुलपाखरूही पक्ष्यांना बेचव लागतं, म्हणूनच ते इतकं संथ, निर्धास्त उडतं. भारत-श्रीलंकेकडचं हे फुलपाखरू पसरत पसरत २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचलं.

वेल मूळची अमेरिका खंडाची. तिथे हेलिकोनियस फुलपाखरं कृष्णकमळांवरच अंडी घालतात. आधीच अंडी असलेली जागा मादी शक्यतो टाळते, म्हणून काही जातींच्या वेलींवर अंड्यांसारखे पिवळे ठिपके किंवा गाठी असतात. वेलीने फुलपाखराला असं चकवावं, याचं मला आजही अतोनात नवल वाटतं!

तेव्हा पानांची चाळण झाली तरी घाबरू नका, जोमदार वेल पुन्हा फुटते. काळजी घ्यायची ती पसरण्याची. अमेरिकेबाहेर ती स्थानिक झाडोऱ्यावर चढून त्याला झाकून टाकते आणि पक्षी फळं खाऊन बी दूर नेतात. फळं पिकण्याआधी तोडा, आणि कच्ची खाऊ नका, ती विषारी असतात. छाटणी करण्याआधी वेलीवर आणि कुंपणाच्या तारांवर पांढरट, काळ्या-नारिंगी रेघांचे कोष लटकतायत का बघा. असतील तर तेवढा भाग फुलपाखरं बाहेर पडेपर्यंत राहू द्या.