दंडाच्या डब्यातले ६४० रुपये

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी वाणिज्य शाखेतून ७१ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. दहावीपर्यंत तिचे शिक्षण सेमी इंग्रजीतून झाले आणि बारावीला इंग्रजीत ६८ गुण आहेत, तरीही कोणी इंग्रजीत काही विचारले की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिने बी.कॉम. करून मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रातल्या) एखाद्या कंपनीत लागावे, असे मला वाटते. तिला मात्र बी.ए. करायचे आहे. सीताबर्डीवरील एका स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये चार महिन्यांच्या २८,००० रुपयांपैकी ५,००० रुपये आगाऊ भरले आहेत. घरात इंग्रजी वातावरण राहावे म्हणून रात्रीच्या जेवणाला फक्त इंग्रजी बोलायचे आणि मराठी वाक्याला दहा रुपये दंड द्यायचा, असा नियम मी केला आहे. सौ.ला इंग्रजी येत नसल्याने सूट दिली आहे. मुलीच्या दंडाचे ६४० रुपये आतापर्यंत डब्यात जमले. ती म्हणते की रोजच्या बोलण्यातून आणि त्या लोकांच्या संस्कृतीविषयी वाचून इंग्रजी येते, क्लास कशाला? ही पळवाट समजावी काय? हल्ली ती घुमी होत चालली आहे. — एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपल्या मुलीच्या गुणांमध्ये काळजी करण्यासारखे काही नाही आणि क्लासचा प्रश्नही चार ओळींत सुटण्यासारखा आहे. पत्र वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबलो तो एका छोट्या वाक्यापाशी : ‘सौ.ला सूट दिली आहे.’ या सुटीचा प्रत्यक्षातला अर्थ आपण ताटावर बसल्या बसल्या एकदा तपासून पाहावा. आई मराठीत बोलू शकते, पण तिला मराठीत उत्तर देणाऱ्या मुलीला दहा रुपये पडतात. इंग्रजीत उत्तर दिले तर ते आईला कळत नाही. म्हणजे दिवसभर राबून रात्री पानावर बसलेल्या बाईने ‘आज वरण आंबट झालं का गं?’ असे विचारावे आणि मुलीने नुसती मान हलवावी, असा हा प्रकार आहे. दंड माफ झाला खरा, पण त्या गृहिणीशी बोलणारे पंगतीला कोणी उरले नाही.

आता त्या ६४० रुपयांकडे वळू. आपण हा आकडा काहीशा समाधानाने लिहिला आहे, असे मला वाटले. दहा रुपयांप्रमाणे ती ६४ वाक्ये होतात. न राहवून, पैसे मोजूनही जी सांगावीशी वाटली, ती ही ६४ वाक्ये. दहा रुपयांच्या भीतीने जी गिळली गेली, त्यांचा हिशेब कोणत्याही डब्यात नाही. बारावीचा निकाल लागलेला, मैत्रिणी वेगवेगळ्या महाविद्यालयांत जाणार, पुढे काय करावे हे ठरायचे, अशा दिवसांत सतरा-अठरा वर्षांच्या मुलीकडे घरी सांगण्यासारखे जितके असते तितके पुढे क्वचितच असते. नेमक्या त्याच दिवसांत आपण तिच्या बोलण्यावर जकात बसवली आणि पत्राच्या शेवटी ती घुमी झाल्याची तक्रार केली. ही दोन वाक्ये आपल्याच पत्रात आहेत. त्यांचा परस्परांशी संबंध आहे, एवढेच मला सुचवायचे आहे. हा नियम आज रात्रीपासून बंद करावा आणि तो चुकला होता, हे आपणच ताटावर, मराठीत सांगावे.

या नियमामागे एक समजूत आहे आणि ती आपल्या एकट्याची नाही, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. मराठी बाजूला सारल्याखेरीज इंग्रजीला जागा होत नाही, अशी ती समजूत. मी आपल्याला विचारतो, आपण हिंदी कोणत्या क्लासमध्ये शिकलात? शाळेत विषय होता हे खरे, पण इतवारीतल्या व्यापाऱ्याशी भाव करण्याची, ऑटोवाल्याशी हुज्जत घालण्याची, रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसाशी गप्पा मारण्याची हिंदी आपल्याला कोणत्या गुरुजींनी शिकवली? हे शहर १९५६ पर्यंत मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते आणि इथला माणूस तेव्हापासून आजतागायत एका वाक्यात एक भाषा आणि दुसऱ्या वाक्यात दुसरी, असा सहज वावरतो. आपल्या हिंदीत लिंगाच्या चुका असतात, क्रियापदे मराठी वळणाची असतात. समोरचा हसतो, सौदा पुरा होतो आणि पुढच्या खेपेला चूक थोडी कमी होते. ‘मी येऊन राहिलो’ या आपल्या वाक्याला पुणेकर हसतात, ते हसोत. दोन भाषा शेजारी नांदल्या की अशा खुणा राहतातच. हिंदी शिकताना नागपुरात कोणाचीही मराठी काढून घेतली गेली नाही. इंग्रजीचे काम अधिक अवघड आहे, हे मी लपवणार नाही. हिंदीची लिपी आपलीच, वाक्याची ठेवण जवळची आणि ती दिवसभर कानावर पडणारी. इंग्रजीत यांपैकी काहीच नाही आणि इंग्रजीवाचून या शहरात कोणाचे अडतही नाही, त्यामुळे बोलण्याचे प्रसंग मुद्दाम घडवून आणावे लागतात. वेळ जास्त लागेल, पण वाट तीच आहे : सांगण्यासारखे काहीतरी हवे, ऐकणारा हवा आणि चुकले तरी बोलणे पुढे चालू राहायला हवे. आपल्या जेवणाच्या टेबलावर यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

तेव्हा मुलीचे म्हणणे पळवाट नाही. ती आपल्यापेक्षा बरोबर आहे, फक्त तिने ते पुरते अमलात आणले आहे का, हे मला ठाऊक नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे ही मुलगी बारा वर्षे इंग्रजी वाचत-लिहीत आली आहे. शब्द तिच्यापाशी आहेत, काळ आणि क्रियापदांची रूपेही तिने घोकली असणार. तिने बोललेले मात्र जवळजवळ काही नाही. बारावीच्या इंग्रजीत लेखी परीक्षेबाहेरचे २० गुण असतात, त्यांत तोंडी परीक्षाही येते आणि ती बहुतेक ठिकाणी कशी उरकली जाते, हे आपणही जाणता.

तिने स्वतःसारखीच गरज असलेली एक मैत्रीण निवडावी. वडील नकोत, कारण वडील प्रत्येक वाक्याला दुरुस्ती करतात, हे आपल्या पत्राच्या सुरावरून मी धरून चालतो. दोघींनी आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी अर्धा तास, फुटाळा तलावाच्या काठाने चालावे आणि त्या दिवशी घडलेली एकच गोष्ट एकमेकींना इंग्रजीत सांगावी : बसमध्ये सुट्या पैशांवरून झालेला वाद, शेजारच्या घरचा साखरपुडा, प्रवेशअर्ज भरताना बंद पडलेले संकेतस्थळ. बोलताना कोणी कोणाला अडवायचे नाही. जे सांगता आले नाही ते मराठीत वहीत टिपायचे, घरी येऊन त्याचे इंग्रजी शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा सांगायची. या ‘पुन्हा’कडे फार थोडे लोक लक्ष देतात, पण जीभ वळते ती त्या दुसऱ्या वेळेला. महिनाभराने तिने एक अवघड काम करून पाहावे : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, ती काय असते हे इंग्रजीत समजावून सांगावे. पुतळे मिरवत नेऊन जाळणे, मारबतीसोबत निघणारे बडगे नावाचे पुतळे, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी, रस्त्यावर उसळणारी गर्दी. यांतल्या बऱ्याच गोष्टींना तयार इंग्रजी शब्द नाही. इडा पीडा म्हणजे नक्की काय, हे सांगताना तिला आधी ते मराठीत समजून घ्यावे लागेल आणि त्यासाठी आईलाच विचारावे लागेल.

संस्कृतीविषयीच्या वाचनाचा मुद्दाही तिने नेमका पकडला आहे आणि त्याचे महत्त्व आपल्या लक्षात आलेले नाही, म्हणून एक उदाहरण देतो. मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘फॉर्म द्या’ यातल्या ‘द्या’मध्येच मान आहे, वेगळी विनवणी करावी लागत नाही. इंग्रजीत लहानथोर सर्वांना ‘यू’ आणि क्रियापदाचे रूपही एकच, त्यामुळे तो सगळा आदर ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ अशा शब्दांत वेगळा ठेवावा लागतो. आपला सुशील मुलगा ‘गिव्ह मी फॉर्म’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात ‘फॉर्म द्या’ असते, पण ऐकणाऱ्याला मात्र ‘फॉर्म दे’ असे ऐकू येते. त्यातही ‘वुड यू माइंड’ असे विचारल्यावर कोणी ‘येस’ म्हणाले, तर तो नकार असतो. मी नोकरीला नवा असताना माझ्या वरिष्ठांनी एका अहवालावर ‘यू माइट वॉन्ट टू लूक ॲट धिस अगेन’ असे लिहून तो परत पाठवला होता. वाटले तर बघ, असा त्याचा अर्थ घेऊन मी तो बाजूला ठेवला आणि तिसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली. व्याकरणाच्या दृष्टीने मला त्या वाक्यातला प्रत्येक शब्द येत होता. हुकूम असा मऊ कापडात गुंडाळून देण्याची त्या लोकांची रीत तेवढी मला ठाऊक नव्हती.

शब्दप्रयोगांचेही तेच. ‘ऑन द बॅक फूट’ म्हणजे काय, हे क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या मुलांना सांगावे लागत नाही, कारण तो खेळ आपल्या अंगणातला आहे. अमेरिकन माणूस मात्र ‘बॉलपार्क फिगर’ मागतो, ‘टच बेस’ करू म्हणतो आणि आपली मुले गोंधळतात. पहिल्याला अंदाजे आकडा हवा असतो, दुसऱ्याला थोडक्यात बोलून घ्यायचे असते आणि दोन्ही शब्द त्यांच्या बेसबॉलच्या मैदानातून आलेले असतात. मिहानमधल्या ज्या नोकरीचे स्वप्न आपण पाहता, तिथे परदेशी ग्राहकाशी बोलायची वेळ आली तर हेच कामी येईल. आणि हे शब्दप्रयोगांची यादी पाठ करून येत नाही. धो धो पावसाला ‘कॅट्स अँड डॉग्स’ म्हणणारी मंडळी पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच भेटतात. त्या लोकांची घरे, शाळा, जेवणाच्या वेळा, सुट्या, शेजाऱ्यांशी वागण्याच्या रीती यांविषयी साधे लेख वाचत गेले की हळूहळू शब्दांमागचा माणूस दिसू लागतो. सुरुवात मात्र घराजवळून करावी. ‘हितवाद’ हे इंग्रजी वृत्तपत्र १९११ पासून याच शहरातून निघते. सकाळी मराठी वृत्तपत्रात महापालिकेची किंवा पावसाची जी बातमी वाचली, तीच त्यात वाचावी. काय घडले हे आधीच माहीत असल्याने शब्दकोशाकडे धावावे लागत नाही. डब्यातल्या ६४० रुपयांत काही महिन्यांचे वृत्तपत्र येईल. त्या पैशांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

क्लासविषयी एवढेच सांगतो : चाळीस मुलांच्या वर्गात, तासाभरात एकेकाच्या वाट्याला बोलायला दीड मिनिट येते. चार महिन्यांत ‘फाडफाड इंग्रजी’ हे जाहिरातीचे वाक्य आहे, ते खरे मानून २८,००० रुपये देऊ नयेत. भरलेले ५,००० लेखी अर्ज करून परत मागावेत आणि मिळाले नाहीत, तर बुडालेल्या पाच हजारांसाठी आणखी तेवीस हजार घालू नयेत. स्पर्धा परीक्षांपुरते म्हणाल तर बँक अधिकारी पदाच्या परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो आणि परदेशी शिकायला जायचेच ठरले, तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ११ ते १४ मिनिटांचे प्रत्यक्ष संभाषण असते. दोन्हींची तयारी वेळ येईल तेव्हा करता येते, आज त्याची घाई नाही.

राहता राहिला बी.ए. की बी.कॉम. हा प्रश्न. इथे मला थांबावे लागते आहे. क्लासची फी, आगाऊ रक्कम, दंडाचा दर, डब्यातली जमा, हे सारे आपण अचूक कळवले. पण मुलीला बी.ए. कोणत्या विषयात करायचे आहे, हे संपूर्ण पत्रात कुठेही नाही. इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र की इंग्रजी वाङ्मय? यांच्या पुढच्या वाटा निरनिराळ्या आहेत. इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला की बोलता येईल, अशा आशेने ती तिकडे वळत असेल, तर मी तिला थांबवीन. कविता आणि नाटकांची आवड असेल, तर आनंदाने जा म्हणेन. परंतु आपल्याला तो विषय ठाऊक नसेल, तर मी कोणता सल्ला देणार? आपण तिला हे कधी विचारले आहे का, की विचारले तेव्हा उत्तराला दहा रुपये पडत होते?

प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी तिने मला स्वतः पत्र लिहावे. कोणत्या भाषेत लिहायचे ते तिचे तिने ठरवावे आणि आपण ते पेटीत टाकण्याआधी तपासू नये.