‘तुझी किडनी माझ्यात वाया गेली’

‘ताई, दीड वर्षापूर्वी मी माझ्या मिस्टरांना किडनी दिली. क्रिएटिनिन चांगलं आहे, डॉक्टर खूश आहेत. पण हे दुकानात जात नाहीत, रात्रभर जागे असतात. मागच्या आठवड्यात म्हणाले, तुझी किडनी माझ्यात वाया गेली, मी नसतो तर तुम्ही सुटला असता. परवा कपडे धुवायला घेतले तर शर्टाच्या खिशात चार गोळ्या निघाल्या, रात्री नऊच्या. मी काहीच बोलले नाही. सासूबाई म्हणतात, पुनर्जन्म मिळालाय आणि तोंड पाडून काय बसतो. माझं काय चुकलं?’
– एक वाचक, सांगली जिल्हा

तुमचं काहीही चुकलेलं नाही. पण आधी फोन उचला, पुढचं नंतर वाचा. फाइलवर ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा नंबर असेल. त्यांना दोन्ही गोष्टी सांगा: गोळ्या चुकल्यात, आणि ते ‘मी नसतो तर’ असं बोलतात. चुकलेला डोस आपल्या मनाने दुप्पट देऊ नका, काय करायचं ते तेच सांगतील. दुसऱ्याची किडनी शरीराने नाकारू नये म्हणून त्या गोळ्या असतात. क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी; आजच्या चांगल्या आकड्यावर विसंबू नका.

जगणं नकोसं झालेला माणूस दरवेळी तोंडाने सांगतोच असं नाही. ट्रान्सप्लांट झालेला माणूस कधी कधी गुपचूप गोळ्या टाळायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं विसरला. तुमच्याकडे खरंच विसरणं झालं असेल, इथे बसून मला ते कळणार नाही. म्हणून त्यांनाच विचारायचं.

आज रात्रीच विचारा. मुलं झोपली की शेजारी बसा आणि आडवळण न घेता विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का तुमच्या?’ विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही भीती मनातून काढून टाका. तसं होत नाही; उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाले तर रागावू नका, शपथा घालू नका, आणि ‘मुलांकडे बघा’ हे तर मुळीच नको. मुलांकडे बघूनच त्यांना आपण ओझं वाटतोय. त्यांना एकटं सोडू नका. औषधांचा सगळा साठा तुमच्याकडे ठेवा, वेळेचा डोस तुमच्या हातून द्या, आणि लगेच डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. धोका समोरच दिसत असेल तर सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत न्या, नाहीतर 108 ला फोन करा.

आता सासूबाईंच्या ‘पुनर्जन्मा’बद्दल. माझ्या भावाच्या डायलिसिसच्या दिवसांत मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर खूप बसले आहे. तो पाणी मोजून प्यायचा, स्टीलच्या छोट्या फुलपात्राने. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तांब्याभर पाणी प्याला आणि हमसून हमसून रडला. आम्हाला वाटलं, आनंदाने. बऱ्याच महिन्यांनी म्हणाला, ‘मला भीती वाटत होती, हे मी कधी फेडणार?’

तुमचे मिस्टर तिथेच अडकलेत असं मला वाटतं. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, आई नाहीतर बायको. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे तुम्हाला ‘राजीखुशीने देताय ना?’ असं विचारलं गेलं असेल. पण घेणाऱ्याला हे उपकार पेलतील का, हे घरात कुणी विचारतं? पाहुणे येतात, ‘बायकोमुळे वाचलास’ म्हणतात, चहा पिऊन जातात. तो माणूस मात्र ते वाक्य रात्रभर ऐकत राहतो. पाहुण्यांना तुम्हीच थांबवा. आणि ‘मी एवढं केलं आणि तुम्ही गोळ्या फेकता?’ हे ओठांवर आलं तरी आज गिळा. तुमचा राग खरा आहे. तो माझ्याकडे काढा, बहिणीकडे काढा. त्यांना एवढंच सांगा: ‘दिलं ते दिलं. मला परत काही नको, तुम्ही हवे आहात.’

हे सगळं मनाचंच आहे असंही समजू नका. स्टेरॉइडने मूड बदलतो, झोप उडते. टॅक्रोलिमस या किडनी नाकारली जाऊ नये म्हणून असलेल्या गोळीने हात थरथरतात, झोप जाते. डॉक्टरांना झोपेचं आवर्जून सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मागून घ्या. नैराश्यावरची काही औषधं टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल वरखाली करतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत. मेडिकलमधून झोपेची गोळी किंवा कुणी सुचवलेला काढा परस्पर देऊ नका. नैराश्य बरं होतं, किडनी बसवलेल्या माणसाचंही.

तुमच्या स्वतःच्या तपासणीबद्दल पत्रात एक अक्षर नाही. बीपी, लघवी, क्रिएटिनिन, वर्षातून एकदा. यांच्या पुढच्या तारखेला तुमचंही रक्त तिथेच द्या. आणि ते रात्री काय म्हणाले, मला कळवा. मी वाट बघते आहे.