वाचकांचे प्रश्न : पुतण्याचा व्यायाम काकांना चालेल का?

प्रश्न : वय 47, वजन 86 किलो. अमळनेरला किराणा दुकान आहे, दिवसभर गल्ल्यावर बसून असतो. बीपीची गोळी रोज चालू आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पुतण्याबरोबर दहा दिवस पळालो, बैठकाही मारल्या. आता जिना उतरताना गुडघा दुखतो. मोबाइलवर एक जण म्हणतो पळूच नका, दुसरा म्हणतो रोज दहा हजार पावलं चाला. ऐकायचं कोणाचं?

उत्तर : पुतण्याचं वेळापत्रक चुकीचं नाही, फक्त ते तुमच्यासाठी नाही. त्याला 1600 मीटर ठरलेल्या वेळेत संपवायचे आहेत. तुम्हाला पोट उतरवायचंय, बीपी ताब्यात ठेवायचंय आणि पुढची वीस वर्षं चालतं-फिरतं राहायचंय. म्हणून कोणताही सल्ला घेताना तो देणारा सुरुवात कुठून धरतो ते आधी पाहा. पहिल्याच दिवशी तुम्हाला निम्मंही झेपत नसेल, तर तो दुसऱ्या कोणासाठी आहे. ‘महिन्यात पंधरा किलो’ म्हणणारा व्हिडिओ तिथेच बंद करा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर झालं. दहा हजार पावलांचा आकडाही 1960च्या दशकात पावलं मोजायच्या एका जपानी यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झालेला आहे. तुम्ही चार हजार चालत असाल तर पाच हजार करा.

आता गुडघा. जिना उतरताना आणि खोल बैठकीत वाटीवर मोठा दाब येतो, शिवाय सवय नसलेल्या मांड्यांवर भार एकदम पडला. दोन आठवडे पळणं आणि बैठका बंद. सपाट रस्त्यावर वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, मात्र त्याच आठवड्यात वेग वाढवू नका. नाहीतर दुखलं कशामुळे हेच कळत नाही. एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा : दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. दुखलं तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल, तर व्यायाम एक तृतीयांश कमी करा. गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे घड्याळातल्या ठोक्यांवरून जोर ठरवू नका. तुमची गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारून घ्या. चालताना छाती दाटली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठा. घामावरूनही काही मोजू नका. मे महिन्यात आपल्याकडे नुसतं उभं राहिलं तरी बनियन भिजतं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत चालणं उरकलेलं बरं.

कळण्याची भाकरी सोडायची गरज नाही. शेवभाजीची तर्री कमी करा आणि गल्ल्यावर बसून तोंडात टाकता ते शेंगदाणे मोजा. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम दाण्यांत साधारण 170 कॅलरी असतात. तेवढ्या खर्चायला तुमच्या वजनाला जवळपास अर्धा तास भरभर चालावं लागतं.

प्रश्न : शिरपूरहून लिहिते. भरतीसाठी 800 मीटरचा सराव करते. रोज डांबरी रस्त्यावर जोरात पळते, नडगी दुखते. बूट बदलू का?

उत्तर : तळ झिजला असेल तर बदला, पण खरं कारण ‘रोज जोरात’ हे आहे. दुखणं थांबेपर्यंत विश्रांती घ्या. मग मातीच्या मैदानावर आठवड्यात दोनच दिवस वेगात : 200 मीटर सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं चालणं. आणखी दोन दिवस सावकाश पळा. बोटानं दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर एक्स-रेआधी पळू नका. हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही, म्हणून दुखणं टिकलं तर पुन्हा दाखवा.