रँच स्वतःचे कर्ज स्वतः फेडेल का? वायोमिंगमधील एका खरेदीचा हिशेब

तुमचे सविस्तर पत्र आणि सोबतचे विक्रीपत्रक मिळाले. तुम्ही ५४ वर्षांचे, पत्नी ५१ वर्षांच्या, दोघेही डेन्व्हरमध्ये नोकरी करता आणि वायोमिंगच्या जॉन्सन काउंटीतील एक चालती रँच विकत घेण्याचा तुमचा विचार आहे. मालकीची ३,००० एकर जमीन, त्यातील १८० एकर ओलिताखालचे गवताचे रान, सरकारी जमिनीवर ७०० एयूएमचा (एयूएम हे महिन्याच्या चाऱ्याचे माप) चराई परवाना, २०० गाई, ९ वळू, १६ घोडे, घर, गोठे आणि यंत्रे यांची एकत्रित किंमत ४० लाख डॉलर सांगितली आहे. त्यापैकी १६ लाख तुम्ही स्वतः घालणार आणि २४ लाखांचे कर्ज ७ टक्के दराने २५ वर्षांसाठी काढणार. पहिली दोन वर्षे नोकऱ्या चालू ठेवून सध्याच्याच गड्याकडून काम करून घ्यायचे आणि नंतर तिकडे राहायला जायचे, अशी योजना आहे. दलालाने तुम्हाला सांगितले आहे की ही रँच स्वतःचे कर्ज स्वतः फेडेल.

माझे मत आधीच स्पष्टपणे सांगतो. रँच घेण्याच्या तुमच्या इच्छेला माझा विरोध नाही, परंतु आज मांडलेल्या स्वरूपात हा व्यवहार करू नये. ४० लाखांची ही किंमत गुरांच्या उत्पन्नावरून ठरलेली नाही. ती डोंगराच्या पायथ्याच्या जमिनीची आणि तिथून दिसणाऱ्या देखाव्याची किंमत आहे, आणि ती गाईंनी फेडावी अशी अपेक्षा ठेवली की सगळा हिशेब बिघडतो.

हा हिशेब आपण एकदा पूर्ण करून पाहू. २०० गाईंमागे दूध तोडण्याच्या वेळी १७२ वासरे हाती येतील असे धरले आणि कळपातील वयस्क गाईंची जागा घेण्यासाठी ३० कालवडी राखल्या, तर विकायला १४२ वासरे उरतात. सरासरी वजन ५३० पौंड आणि विक्रीपत्रकात धरलेला पौंडाला ४ डॉलर हा भाव घेतला, तर वासरांचे सुमारे ३ लाख १ हजार आणि कळपातून काढलेल्या २५ भाकड गाईंचे सुमारे ४७ हजार, मिळून ३ लाख ४८ हजार डॉलर येतात. गड्याचा पगार, खनिज मीठ, औषधे, इंधन, कुंपणाची डागडुजी, विमा, मालमत्ता कर आणि यंत्रांची झीज यांसाठी गाईमागे वर्षाला १,०५० डॉलर धरले, तर खर्च २ लाख १० हजार होतो. उरतात १ लाख ३८ हजार, आणि कर्जाचा वार्षिक हप्ता मात्र २ लाख ६ हजारांचा आहे. म्हणजे दलालाचेच भाव खरे मानले तरी वर्षाला ६८ हजार डॉलर तुमच्या पगारातून घालावे लागतील.

हे भाव टिकतील असेही धरता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील एकूण गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाख होती, जी १९५१ नंतरची सर्वांत कमी होती. वासरांना मिळणाऱ्या चढ्या भावाचे मुख्य कारण हेच आहे. पण भाव चढले की लोक कालवडी राखू लागतात, काही वर्षांनी कळप वाढतात आणि भाव उतरतात. २०१४ मध्ये वासरांनी असाच उच्चांक गाठला होता आणि २०१६ च्या शरद ऋतूपर्यंत ते भाव जवळपास निम्म्यावर आले होते. तुमचे कर्ज २५ वर्षांचे आहे, त्यामुळे अशी एकाहून अधिक चक्रे त्यात येणारच. पौंडाला ३ डॉलर भाव आणि भाकड गाईंनाही त्याच प्रमाणात कमी दर धरला, तर खर्च वजा जाता हाती ५० हजारच राहतात, आणि ५० हजारांच्या हप्त्यात याच अटींवर ५ लाख ८० हजारांच्या आसपासचे कर्ज फिटते. ही रँच स्वतःच्या बळावर इतकेच कर्ज पेलू शकते. तुम्ही त्याच्या चौपट काढणार आहात.

आता चराई परवान्याकडे वळू, कारण विक्रीपत्रकात तो जमिनीच्याच ओळीत लिहिलेला आहे आणि वाचणाऱ्याला तो मालकीचा भाग वाटतो. एक एयूएम म्हणजे एका गाईला तिच्या वासरासह एक महिना पुरेल इतका चारा. ७०० एयूएम म्हणजे १०० गाईंची सात महिन्यांची चराई, म्हणजेच तुमच्या कळपाचा अर्धा भाग या एका कागदावर उभा आहे. १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्यानुसार मिळणारा हा परवाना मालकी हक्क देत नाही. तो साधारणतः दहा वर्षांचा असतो, मूळ जमिनीशी जोडलेला असतो, आणि जमीन विकली गेल्यावर नव्या मालकाला ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय कार्यालयाकडे हस्तांतरासाठी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. दुष्काळात किंवा कुरणाची अवस्था खालावल्यास गुरांची संख्या आणि चराईचे दिवस कमी करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला आहे. २०२५ चा दर एयूएममागे १.३५ डॉलर होता, म्हणजे त्या दराने तुमचे वर्षाचे शुल्क हजार डॉलरच्याही आत आले असते. खासगी कुरणाला याच्या कितीतरी पट भाडे पडते. परवान्याचे मोल या फरकात आहे, आणि म्हणूनच तो कमी झाला तर खर्चाचे गणित एकदम बदलते. गेल्या दहा वर्षांत प्रत्यक्षात किती गुरे चरली आणि किती वेळा कपात झाली, याची नोंद त्या कार्यालयातून लेखी मागवा.

जमिनीखालच्या खनिजांचा हक्क वेगळा तपासावा लागेल. १९१६ च्या स्टॉक-रेझिंग होमस्टेड कायद्याखाली दिलेल्या जमिनींत खनिजे केंद्र सरकारने स्वतःकडे राखली होती, आणि वायोमिंगमध्ये अशा जमिनी पुष्कळ आहेत. तुमच्या कुरणात उद्या कोणी तेलाची विहीर खोदायला आले तर त्याला किती मज्जाव करता येईल, हे त्या कागदांवर ठरेल.

पाण्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. वायोमिंगमध्ये पाण्याची मालकी राज्याची असते, वापराचा हक्क जमिनीला जोडलेला असतो आणि ज्याच्या हक्काची तारीख जुनी त्याला पाणी आधी मिळते. तुमच्या १८० एकरांचा हक्क १८८० च्या दशकातला असेल तर कोरड्या वर्षीही पाटाला पाणी येईल. तो नंतरचा असेल, तर नेमक्या गरजेच्या जुलै महिन्यात जुन्या हक्कदारांसाठी तुमचा पाट बंद होऊ शकतो. शिवाय सलग पाच वर्षे न वापरलेला हक्क रद्द होण्यास पात्र ठरतो. हिवाळ्याचे १५० दिवस गाईमागे रोज ३० पौंड गवत धरले तर २०० गाईंना ४५० टन लागतात, आणि घोडे व वळू मिळून आणखी ५५ टनांच्या आसपास. एकरी अडीच टन हे चांगल्या वर्षाचे पीक धरले तरी १८० एकरांतून ४५० टनच निघतात. म्हणजे पाऊस-पाणी नीट असलेल्या वर्षीही थोडे गवत विकत घ्यावे लागेल, आणि आजूबाजूला सगळीकडेच दुष्काळ असतो त्या वर्षी त्याचा भावही सर्वांत जास्त असतो.

घोड्यांविषयी तुम्ही पत्रात किती जिव्हाळ्याने लिहिले आहे, हे मी वाचले. तुमची मुलगी लहानपणापासून घोडेस्वारी करते आणि सध्याचे मालक दरवर्षी तीन-चार तयार घोडे चांगल्या किमतीला विकतात, म्हणून ते उत्पन्नही तुम्ही धरले आहे. ते मी हिशेबातून पूर्ण वगळले आहे. घोडी अकरा महिने गाभण राहते, शिंगराला दोन वर्षांचे झाल्यावर शिकवायला घेतात, आणि गुरे वळवण्याच्या कामात भरवशाचा म्हणावा असा घोडा व्हायला आणखी तीन-चार वर्षे जातात. ग्राहक जी किंमत देतो ती घोडा घडवणाऱ्याच्या हातासाठी आणि नावासाठी देतो, आणि ते दोन्ही विक्रेत्याबरोबर निघून जाणार आहेत. कामापुरते सहा-सात घोडे ठेवावेत आणि बाकीचे विक्रेत्यानेच न्यावेत, असे मी सुचवेन.

तुमच्या १६ लाखांपैकी ८ लाख घराच्या विक्रीतून, ३ लाख बचतीतून आणि ५ लाख ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती-बचत योजनेतून येणार आहेत. यातील शेवटचा भाग मला मान्य नाही. साडेएकोणसाठ वर्षांआधी काढलेल्या रकमेवर नेहमीच्या आयकराखेरीज १० टक्के दंड बसतो, आणि दोघांचे पगार चालू असताना ही रक्कम वरच्या करटप्प्यांत जाते. हाती ५ लाख उरण्यासाठी साडेआठ ते नऊ लाख काढावे लागतील, म्हणजे १७ लाखांची निवृत्तीची पुंजी एका फटक्यात निम्मी होईल. नोकरी चालू असताना अशी उचल करू देण्यास अनेक योजना परवानगीच देत नाहीत. तुम्ही ५५ वर्षांचे व्हाल त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडलीत, तर त्याच मालकाकडच्या योजनेतून काढलेल्या रकमेला दंड लागत नाही. केवळ एक वर्ष थांबल्याने ८५ हजारांहून अधिक वाचत असतील, तर घाई करण्याचे कारण मला दिसत नाही. वयाच्या ६५ व्या वर्षी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा सुरू होईपर्यंतचा आरोग्यविमाही रँचलाच भरावा लागेल, तोही खर्चात धरलेला नाही.

रँचच्या तोट्यामुळे पगारावरचा कर वाचेल, हे दलालाचे दुसरे म्हणणे तुमच्या योजनेत लागू होणे अवघड आहे. तुम्ही सहा तासांच्या अंतरावर राहून काम गड्यावर सोपवणार असाल आणि दोघे मिळून वर्षाला ५०० तासांच्या सहभागाची किंवा तशीच दुसरी एखादी कसोटी पूर्ण करत नसाल, तर तो तोटा निष्क्रिय ठरतो आणि पगारातून वजा होत नाही. शिवाय नफ्याचा खरा हेतू दिसला नाही तर आयकर खाते हा उद्योग छंद ठरवू शकते. पाचपैकी तीन वर्षे नफा झाला, किंवा मुख्यतः घोड्यांची पैदास व शिक्षण असेल तर सातपैकी दोन वर्षे, तर नफ्याचा हेतू गृहीत धरला जातो. वर मांडलेल्या आकड्यांवरून तो नफा दिसत नाही.

तुमचे धाकटे बंधू एच-१बी व्हिसावर असून रँच घेणाऱ्या कंपनीत एक चतुर्थांश भागीदार होऊ इच्छितात. तसे झाल्यास परदेशी नागरिकांच्या शेतजमिनीतील गुंतवणुकीबाबतच्या १९७८ च्या कायद्यानुसार ९० दिवसांच्या आत कृषी खात्याकडे नोंद करणे बंधनकारक आहे आणि ती चुकल्यास जमिनीच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्या व्हिसावर असताना त्यांनी रँचवर काम करणेही बसत नाही. त्यांना या व्यवहारात घेऊ नका.

मला वाटणारा मार्ग असा आहे. विक्रेत्याला विचारा की घर, गोठे आणि ओलिताखालचे रान यांसह एखादा भाग तो वेगळा विकेल का, आणि उरलेली जमीन काही वर्षे भाडेपट्ट्याने देऊन पुढे खरेदीचा पहिला हक्क तुम्हाला ठेवील का. कर्ज ५-६ लाखांच्या आत राहील एवढीच खरेदी करा आणि ४०१-के ला हात लावू नका. पहिली काही वर्षे स्वतःचा कळप न घेता शेजाऱ्यांची गुरे गुरामागे ठरलेल्या दराने चरायला घ्या. आणि सही करण्यापूर्वी तुम्ही दोघांनी रजा काढून फेब्रुवारी ते एप्रिल हा गाई विण्याचा हंगाम एखाद्या रँचवर प्रत्यक्ष काम करून काढा, कारण रात्री दोन वाजता बर्फात अडलेल्या गाईजवळ उभे राहणे आपल्याला जमते की नाही, हे डेन्व्हरमध्ये बसून कळणार नाही.

दलालाने पंधरा दिवसांत बयाणा मागितला आहे. द्यायचाच झाला तर करारात लेखी अट घाला की विक्रेत्याच्या पाच वर्षांच्या करविवरणातील शेड्यूल एफ (शेतीच्या उत्पन्न-खर्चाचा तक्ता), चराई परवान्याच्या हस्तांतराची मंजुरी, पाणीहक्कांची प्रमाणपत्रे आणि खनिजहक्कांचा शोध अहवाल यांपैकी एकही समाधानकारक नसल्यास बयाणा पूर्ण परत मिळेल. ही अट विक्रेत्याने नाकारली, तर बयाणा देऊ नका.